बंद पडलेले इंटरनेट कॉल परत सुरू कसे होतात?

तारजोड

कॉल करायचं एखादं मोठं ॲप बंद पडलं की ते का पडलं याची चर्चा दोन दिवस चालते. परत उभं कसं केलं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझं नोकरीतलं सगळं आयुष्य या दुसऱ्या भागात गेलं आहे, कॉल जोडणाऱ्या यंत्रणा सांभाळण्यात. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: यंत्रणा पडते ती कुठल्यातरी एका दोषामुळे, पण ती उठू शकत नाही ती बहुतेक वेळा परतणाऱ्या ग्राहकांच्या गर्दीमुळे. खेडेगावात लोडशेडिंग संपून वीज आली की सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात आणि डीपीवरचा फ्यूज पुन्हा उडतो, तसंच हे. मूळ दोष सापडला, दुरुस्तही झाला, तरी ही गर्दी आवरायची तयारी नसेल तर पुढे तासन्‌तास कॉल लागत नाहीत.

याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे स्काइप, २२ डिसेंबर २०१०. कंपनीने नंतर झालेला प्रकार आकड्यांसकट जाहीर केला होता, त्यामुळे त्यावर नीट बोलता येतं.

तेव्हाच्या स्काइपची रचना आजच्या ॲपपेक्षा वेगळी होती. कोण कुठे ऑनलाइन आहे याची यादी एका मोठ्या सर्व्हरवर नसायची. वापरणाऱ्यांच्याच संगणकांपैकी ज्यांचं इंटरनेट चांगलं, ज्यांच्यापर्यंत बाहेरून थेट पोचता येतं, असे संगणक आपोआप ‘सुपरनोड’ व्हायचे. एकेक सुपरनोड आजूबाजूच्या काहीशे लोकांचे पत्ते सांभाळायचा आणि कॉल जुळवून द्यायचा. मालकाला याचा पत्ताही नसे.

त्या दिवशी सुरुवात झाली ती एका दुय्यम कामातून. समोरचा ऑफलाइन असताना पाठवलेले मेसेज साठवणारे काही सर्व्हर ओझ्याने मंदावले आणि त्यांची उत्तरं उशिरा यायला लागली. विंडोजवरच्या ५.०.०.१५२ या आवृत्तीला उशिरा आलेलं उत्तर पचत नव्हतं, ती धाडकन बंद पडायची. जगभरातले जवळपास निम्मे वापरकर्ते याच आवृत्तीवर होते आणि त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांचं स्काइप बंद पडलं. याच संगणकांमध्ये एकूण सुपरनोडपैकी २५ ते ३० टक्के होते.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं स्काइप बंद पडलं त्यांनी काय केलं? पुन्हा उघडलं. उघडल्यावर ॲप सुपरनोड शोधायला लागलं. सुपरनोड तर कमी झालेले. उरलेल्यांवर नेहमीच्या सुमारे १०० पट भार आला. ते होते लोकांच्या घरातले संगणक, त्यामुळे मालकाच्या कामात अडथळा नको म्हणून भार ठरावीक मर्यादेबाहेर गेला की सुपरनोडने स्वतःहून थांबायचं, अशी सोय आधीच केलेली होती. सोय योग्य हेतूने केलेली, पण त्या दिवशी तिच्यामुळेच चांगले सुपरनोडसुद्धा एकामागून एक थांबत गेले. जितके थांबले तितका उरलेल्यांवर भार वाढला.

आता हे सोडवायचं कसं? सदोष आवृत्ती बदलून भागत नव्हतं, कारण कोट्यवधी लोकांच्या संगणकांवर कंपनीचा हात पोचत नाही. त्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर स्काइपच्या शेकडो प्रती चालवून त्यांना फक्त सुपरनोडचं काम दिलं. नाव ठेवलं मेगा-सुपरनोड. तेवढे पुरले नाहीत, तेव्हा रातोरात आणखी काही हजार उभे केले. त्यासाठी क्षमता आणली ती ग्रुप व्हिडिओ कॉलच्या यंत्रणेतून. ग्रुप व्हिडिओ काही काळ बंद राहिला तरी चालेल, पण दोन माणसांचा साधा कॉल आधी सुरू झाला पाहिजे, हा तो निर्णय. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या वेळेप्रमाणे २२ तारखेला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झालेला हा प्रकार साधारण २४ तास चालला.

विशेष म्हणजे १६ ऑगस्ट २००७ ला असंच काहीसं होऊन गेलं होतं. विंडोजचे अपडेट बसल्यावर जगभरातले संगणक थोड्या वेळात रीस्टार्ट झाले, सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं आणि जाळं कोसळलं. तेव्हा सावरायला दोन दिवस लागले होते.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी, किंवा परदेशी असलेल्या मुलांशी, आईवडिलांशी रोज बोलणाऱ्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

पश्चिमरंग

उत्तम धागा. मी न्यू जर्सीत असते. तेव्हा दर शनिवारी सकाळी पुण्याला आईबाबांशी स्काइप हा आमच्या घरचा नेम होता. सुपरनोड वगैरे कधी ऐकलंच नव्हतं.

एक शंका. सदोष आवृत्ती विंडोजची होती म्हणता. मग ज्यांच्याकडे मॅक होता किंवा जुनी आवृत्ती होती, त्यांचं काय? त्यांचं ॲप तर बंद पडलं नसणार.

तारजोड

पश्चिमरंग, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मॅक, आयफोन, विंडोजच्या जुन्या ४ मालिकेतल्या आवृत्त्या, इतकंच काय, ५.०.०.१५६ ही दुरुस्त आवृत्तीसुद्धा त्या पहिल्या धक्क्यातून सुटली होती. पण या लोकांनाही जोडलं जायला सुपरनोड लागायचाच. ॲप चालू, इंटरनेट चालू, आणि तरी ‘कनेक्ट होत आहे’ असं नुसतं फिरत राहायचं. आपल्या बाजूला काहीही बिघडलेलं नसताना माणूस राउटर बंद-चालू करत बसतो तो अशाच वेळी.

घाटमाथा

साहेब, छान लिहिलंय. आमच्याकडं हेच लहान मापात नेहमी बघायला मिळतं. मी कोल्हापूर-सांगली भागात कारखाने आणि हॉस्पिटलांत आयपी फोन बसवतो, ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या) जागी सर्व्हर.

यात प्रत्येक फोन सर्व्हरला ठरावीक वेळानं ‘मी या पत्त्यावर आहे’ म्हणून कळवत असतो. यालाच रजिस्टर होणं म्हणतात. आता सर्व्हर पडून परत उठला आणि ही नोंद डिस्कवर साठवलेली नसली, तर ती पुसली जाते. फोनला मात्र वाटतं, मी रजिस्टर आहे, माझी मुदत अजून संपलेली नाही. मग तक्रार येते ती ठरलेली: ‘फोन लागतोय, पण बाहेरून येत नाही.’ मुदत एक तासाची ठेवली असेल तर तासभर हेच चालतं. लोक सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट करतात आणि ज्या फोनांची नोंद नुकतीच झालेली असते तीसुद्धा घालवतात. अशा वेळी सर्व्हरला हात लावू नये, फोन रीस्टार्ट करावेत, आणि तेही मजल्यामजल्यानं.

वीज जाऊन आली तर गोष्ट उलटी. सगळे फोन एकाच क्षणाला जागे होतात आणि सर्व्हर अजून उठतोय. फोनांना वीज नेटवर्कच्या तारेतूनच मिळत असेल तर या तारा जिथं एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचवरून एकेक मजला चालू करता येतो. हॉस्पिटलात आम्ही आधी अपघात विभाग आणि रिसेप्शन, मग वॉर्ड, सगळ्यात शेवटी ऑफिस असा क्रम लिहून स्विचच्या कपाटावरच चिकटवतो.

आणखी एक, जे पुस्तकात सापडत नाही. स्वस्तातल्या गेटवेमध्ये (साध्या लाइन आयपी फोनच्या सर्व्हरला जोडणारा डबा) घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर तो जागा होतो तो १९७० सालात. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं दिसतं आणि तो रजिस्टर व्हायला नकार देतो. सगळे प्रमाणपत्राच्या मागं लागतात. तारीख आधी बघा. म्हणून क्रम असा: स्विच, पत्ते वाटणारा डीएचसीपी, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस, वेळ देणारा सर्व्हर, मग फोनचा सर्व्हर, बाहेरची लाइन, आणि फोन सगळ्यात शेवटी.

तारजोड

घाटमाथा, १९७० ची गोष्ट लिहिलीत हे फार बरं केलंत. मोठ्या यंत्रणांतही ती अनेकांना नडते.

तुमच्या मुद्द्याला जोडून थोडं तांत्रिक लिहितो, ज्यांना रस नाही त्यांनी पुढे जावं. एसआयपी (फोन आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती) यूडीपीवर, म्हणजे पोच न घेता निरोप पाठवायच्या पद्धतीवर, चालत असेल आणि रजिस्टरच्या विनंतीला उत्तर आलं नाही, तर फोन अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार. ३२ सेकंदांत एकच विनंती ११ वेळा जाते. म्हणजे सर्व्हर पूर्ण मेलेला असण्यापेक्षा अर्धमेला असणं जास्त घातक. तो उत्तरं देतो, पण उशिरा, आणि तोवर त्याच फोनच्या आणखी विनंत्या रांगेत येऊन बसलेल्या असतात. सर्व्हर शंभर टक्के राबतोय आणि उपयोगाचं काम शून्य, अशी अवस्था येते. त्यातून बाहेर पडायचा मार्ग एकच: दारातच गर्दी थांबवा, म्हणजे फायरवॉलवर बहुतेकांना अडवा आणि ठरावीक गट करून आत सोडा. वरिष्ठांना हे पटवणं अवघड असतं. यंत्रणा चालू झालेली असताना ग्राहकांना बाहेर का ठेवता, असं ते विचारतात. तेव्हा ठाम राहावं लागतं.

फोनच्या बाजूनेही उपाय आहे. आरएफसी ५६२६ हे २००९ चं मानक पाहा. सगळे मार्ग बंद असतील तर वाट पाहण्याचा पाया ३० सेकंद, प्रत्येक अपयशाला तो दुप्पट, आणि कमाल मर्यादा १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. पण खरी मेख पुढे आहे. आलेल्या आकड्याच्या ५० ते १०० टक्क्यांमधला कुठलाही एक क्षण फोनने स्वतःपुरता यदृच्छेने निवडायचा. नुसतं दुप्पट करत गेलं तर एकाच वेळी पडलेले सगळे फोन प्रत्येक फेरीला एकाच वेळी परत येतील. सर्व्हरने ‘६० सेकंदांनी या’ असं सगळ्यांना सारखंच सांगितलं तरी तीच गत. प्रत्येकाला वेगळा आकडा सांगावा.

खुलाअंगण

लेख आवडला, पण निष्कर्षाबद्दल थोडा मतभेद. स्काइपची जुनी रचना लोकांच्या संगणकांवर होती म्हणून ती पडली, असा सूर निघतो. आता सगळं कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये आहे, तरी पडतंच की. मायक्रोसॉफ्टने स्काइप घेतल्यावर २०१२ मध्ये सुपरनोडसुद्धा आपल्या डेटा सेंटरमध्ये नेले. आणि ५ मे २०२५ ला स्काइप कायमचं बंद करून टाकलं. सगळं एका हातात असलं की एका निर्णयाने सगळं जातं. लोकांच्या संगणकांवरची रचनाच मला अजूनही योग्य वाटते.

तारजोड

खुलाअंगण, मतभेद मान्य. रचना कुठली चांगली हा माझा मुद्दा नव्हता. गर्दीचा प्रश्न दोन्हीकडे आहे, एवढंच म्हणायचं आहे, आणि त्यासाठी तुमच्याच बाजूचं उदाहरण देतो.

४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्री नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं एकदम गेलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. अशी चुकीची कमांड अडवण्यासाठी जे तपासणीचं साधन होतं, त्यातच दोष निघाला. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी, आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं समजून, आपले रस्ते जगाला सांगणं थांबवलं. पत्ताच नाहीसा झाला. दुरुस्तीसाठी लागणारी आतली साधनंही त्याच जाळ्यावर चालत होती, त्यामुळे इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरून यंत्रांपर्यंत पोचायलाही वेळ गेला.

जाळं जुळल्यावर काय केलं ते पाहा. डेटा सेंटरचा वीजवापर दहा-दहा मेगावॉटच्या पटीत खाली आला होता. सगळी सेवा एकदम उघडली असती तर विजेच्या यंत्रणेपासून कॅशपर्यंत (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा) कशावरही ताण येऊन पुन्हा कोसळण्याचा धोका होता. त्यांनी भार हळूहळू वाढवला. हे जमलं, कारण अख्खं डेटा सेंटर बंद करून परत चालू करायच्या तालमी ते आधीपासून करत आले होते. कंपनीचे संतोष जनार्दन यांनी हे सगळं नंतर लिहून प्रसिद्ध केलं. आपल्याकडे सेवा सुरळीत झाली ती पहाटे साडेतीनच्या आसपास.

निवांतवेळ

तुम्हा सगळ्यांचं वाचतेय, सगळं कळतंय असं नाही, पण माझी अडचण इथेच सुटेल असं वाटतं. मी सांगलीत असते, मुलगा दुबईला. काल दुपारभर इंटरनेट गेलं होतं, संध्याकाळी आलं. आता त्याचा फोन येतो, उचलला की माझा आवाज त्याला जातो, त्याचा मला अजिबात ऐकू येत नाही. फोन खराब झाला का? नातू बोलतोय असं दिसतं आणि ऐकू येत नाही, जीव कासावीस होतो.

घाटमाथा

काकू, फोन चांगला आहे, काळजी करू नका. कॉल जुळवणारा निरोप एका वाटेनं येतो आणि आवाज दुसऱ्या वाटेनं. राउटर आतल्या-बाहेरच्या वाटांची एक नोंद ठेवतो. लाइन जाऊन आली की कधी कधी जुनी नोंद तशीच राहते आणि एका बाजूचा आवाज भलतीकडं जातो.

असं करा. भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर, दोन्ही बंद करा. दोन मिनिटं थांबा. आधी फक्त फायबरचा डबा चालू करा. त्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मगच राउटर चालू करा. ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर दोष बाहेरच्या तारेत आहे, कंपनीला फोन करा. सगळं झाल्यावर मोबाइलमधलं ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. तरीही आवाज नाही आला तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा बोलून बघा. त्यावर आलं तर अडचण घरच्या लाइनमध्येच आहे असं पक्कं समजा, आणि तक्रार करताना हेच सांगा, म्हणजे ते टोलवाटोलवी करणार नाहीत.

पश्चिमरंग

काकू, एक जोड. दुबईत व्हॉट्सॲपचे कॉल अडवलेले असतात, फक्त मेसेज जातात. तिकडे बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. माझी बहीण तिकडे आहे म्हणून माहीत. तुमचं ॲप त्यातलंच असेल तर घाटमाथांनी सांगितलेलं करा. व्हॉट्सॲपवर बोलायचा प्रयत्न असेल, तर सांगलीचा राउटर कितीही वेळा बंद-चालू करून फरक पडणार नाही.

निवांतवेळ

बोटिमच आहे. मुलानेच घालून दिलंय. उद्या सकाळी शेजारच्या मुलाला बोलावून डबा बंद-चालू करून बघते. तुम्हा दोघांचे खूप आभार.

वाशिष्ठीकाठ

आमच्याकडचं लिहितो. २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. इथे सर्व्हर पडला नव्हता, गाव पाण्यात होतं. वीज गेली, फायबरचे डबे पाण्याखाली, टॉवरची बॅटरी संपली आणि जनरेटरपर्यंत डिझेल पोचवणार कोण? पुण्या-मुंबईची माणसं आपल्या घरच्यांचा आवाज ऐकायला तडफडत होती आणि इकडे आम्ही माळ्यावर बसून फोनला रेंज शोधत होतो. कॉल लागत नव्हता तिथे साधा एसएमएस मात्र कधीतरी निघून जायचा. ते आठवलं की अजून घशाशी येतं.

तेव्हापासून दोन गोष्टी आमच्या वाडीत सगळ्यांना शिकवल्या. पहिली, वायफाय कॉलिंग. २०१९ च्या डिसेंबरपासून आपल्याकडे ते सुरू झालंय. टॉवर मेला पण कुणाच्या घरी फायबर आणि इन्व्हर्टर जिवंत असेल, तर त्या वायफायवरून आपल्या नेहमीच्या नंबरवर कॉल येतो-जातो. पण मोबाइलच्या सेटिंगमध्ये ते आधीच चालू करून ठेवलेलं पाहिजे. पाणी घरात शिरल्यावर कुणी सेटिंग शोधत बसत नाही. दुसरी, आपत्तीत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांचे टॉवर खुले करायला सांगतो. तसं जाहीर झालं असेल तर नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ काढून हाताने दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क निवडून बघायचं.

तारजोड, तुमच्या गर्दीच्या मुद्द्याबद्दल: पहिला टॉवर सुरू झाला की गावातला प्रत्येक माणूस एकदम फोन लावतो. मग पुन्हा कुणालाच लागत नाही. यावर सामान्य माणसाने काय करायचं?

तारजोड

वाशिष्ठीकाठ, वाचून गलबललं. सामान्य माणसाने पहिला अर्धा तास मेसेज करावा, कॉल नाही. ‘सगळे सुखरूप, दादांकडे आहोत’ एवढ्या मेसेजला लागणारी जागा एका मिनिटाच्या कॉलच्या तुलनेत नगण्य असते, आणि तो अडकला तर फोन स्वतःच पुन्हा पाठवतो. कुटुंबातल्या एकाच माणसाने बाहेरच्या एकाच माणसाला कळवावं, त्याने बाकीच्यांना.

दक्षिणतारा

मेलबर्नहून. इथलं एक उदाहरण या धाग्यात हवंच. ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टस या इथल्या टेलिफोन कंपनीचं जाळं देशभर सुमारे १४ तास बंद होतं, एक कोटीच्या आसपास ग्राहक. बाहेरून आलेल्या रस्त्यांच्या माहितीत बदल झाला, राउटरमध्ये ठरवलेली सुरक्षा मर्यादा ओलांडली गेली आणि सुमारे ९० राउटरनी स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतलं. दुरून हात पोचेना, म्हणून काही ठिकाणी माणसं पाठवावी लागली. तारजोड यांनी सांगितलेल्या स्काइपच्या सुपरनोडसारखंच हे, सुरक्षेसाठी ठेवलेली मर्यादाच नडली.

पण मला लिहायचंय ते आपत्कालीन कॉलबद्दल. इथे ००० हा नंबर कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो. आपलं नेटवर्क मेलं की फोन दुसऱ्याचा टॉवर पकडतो. त्यासाठी मेलेल्या नेटवर्कच्या टॉवरने लहरी पाठवणं थांबवायला हवं. त्या दिवशी काही थ्रीजी टॉवर मागे काहीही जोडलेलं नसताना चालूच राहिले. फोन त्यांनाच चिकटून बसले. २,१४५ लोकांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत. ही बाब नंतरच्या चौकशीत पुढे आली. यंत्रणा परत उभी करण्याइतकंच, उभी नसताना ती बाजूला होते की नाही हे तपासणं महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तारजोड

दक्षिणतारा, शंभर टक्के सहमत. अर्धमेल्या सर्व्हरबद्दल मी वर जे लिहिलं, त्याचंच हे जास्त भयंकर रूप. ऑफिसातले लोक घाटमाथांच्या क्रमात एक ओळ वाढवू शकतात: मुख्य सर्व्हर बंद असताना राखीव सर्व्हरवर फोन जातात का, हे बघायला मुख्य सर्व्हर नुसता मंद करूनही पाहा. तार उपटून घेतलेली चाचणी पास होते आणि मंद सर्व्हरची नापास होते, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

वाशिष्ठीकाठ

अजून एक विचारतो. आमच्याकडे आता लँडलाइनसुद्धा फायबरवर आहे. जुना तांब्याच्या तारेचा फोन वीज गेली तरी चालायचा. हा का चालत नाही, आणि चालावा म्हणून काय करता येईल?

घाटमाथा

दादा, जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच तारेवाटे यायची, ४८ व्होल्ट. तिथं बॅटऱ्यांची खोलीच असायची. फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. त्यामुळं डब्याला आणि राउटरला घरची वीज लागते. मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. राउटरसाठी लहान यूपीएस मिळतो, तो घ्या. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही डबे वेगळ्या व्होल्टवर चालतात, ते जळतील. अँपिअरही बघा. दोन्ही अडॅप्टरचे अँपिअर मिळून जेवढे होतात, त्याहून थोडा जास्त देणारा यूपीएस पाहिजे. कमी पडला तर राउटर वायफायवर ताण आला की बंद होऊन परत चालू होत राहतो, आणि दर वेळी फोनचं रजिस्ट्रेशन पहिल्यापासून. आणि तो जमिनीलगतच्या प्लगवर ठेवू नका. तुमच्याकडं तरी माळ्यावरच बसवा.